समूच्या मापातलं पाणी

"काटा पुन्हा शून्यावर आणा," मी सिस्टरला म्हणाले.

तिनं आणला. आम्ही समूला पुन्हा उभं केलं. आकडा तोच. कालच्यापेक्षा जास्त, आणि काल तो परवापेक्षा जास्त होता.

समू म्हणजे सम्यका. वय पाच. आठवडाभर तापानं फणफणलेली, जेमतेम दोन घास पोटात जाणारी. अशा पोरीचं वजन वाढलं म्हटल्यावर एखादी आई खूश होईल. डॉक्टर होत नाही. न जेवता वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. आणि पाणी साठतंय म्हणजे लघवीवाटे बाहेर पडत नाहीये. पण ते तर पडत होतं. मापाचा जार मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. सकाळपासून तो चांगला भरून आला होता.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. काटा चुकत होता, नाहीतर जार. मी आधी काट्यावर संशय घेतला, कारण यंत्रावर संशय घेतला की कुणाला राग येत नाही.

बीडमध्ये माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. खाली पेशंट, वर मी. गावात माझी ख्याती औषधापेक्षा आवाजाची जास्त. "त्या वरडणाऱ्या म्याडमकडं घे," असं लोक रिक्षावाल्याला सांगतात आणि तो न चुकता माझ्या दारात आणून सोडतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. पत्ता तरी सापडतो.

समूला तिचे आईवडील आणि आजोबा जवळच्या पालीहून घेऊन आले होते. वडील राहुल, लाईनमन. आई प्रज्ञा, कमी बोलणारी, पण बघणारी. आजोबांना सगळे अण्णा म्हणत. उंच, काटक माणूस, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन. आत येतानाच "जयभीम म्याडम" म्हणाले आणि खुर्चीत न बसता पोरीच्या उशाशी उभे राहिले.

ताप आठवड्याच्या वर गेला होता. मेडिकलमधून आणलेलं तापाचं आणि दुखण्याचं औषध चालू होतं. डोळे लाल, पण चिकटा नाही. ओठ फुटलेले. जीभ लालभडक. तळहात सुजलेले, अंगावर पुरळ. गावात कुणी गोवर म्हटलं होतं, कुणी उष्णता. मी सगळं जुळवून बघितलं आणि सांगितलं, हा कावासाकी नावाचा आजार आहे. नाव जपानी आहे.

"जपानचा आजार पालीला कसा काय आला हो?" अण्णा म्हणाले. "यष्टीनं?"

समूसुद्धा हसली. ओठ फुटलेले असल्यामुळे लगेच कळवळली.

कावासाकीत ताप, पुरळ ही वरवरची लक्षणं. खरी भीती हृदयाची. शरीराचं संरक्षण करणारी फौजच बिथरते आणि स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर चालून जाते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या सुजतात, फुगतात. त्या एकदा फुगल्या की पाच वर्षांच्या मुलाला म्हाताऱ्या माणसाचा हृदयविकार होऊ शकतो. यावर एक चांगलं औषध आहे. इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं ती. सलाईनसारखी शिरेतून द्यायची. बिथरलेली फौज त्यानं शांत होते. मात्र ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत दिलेलं बरं. समूची ती मुदत संपत आली होती.

या औषधाला एक खोड आहे. ते खराब होऊ नये म्हणून काही कंपन्या त्यात साखर घालतात. तोंडातून खाल्लेली साखर पचते. शिरेतून गेलेली ही साखर तशी पचत नाही, ती किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसते. तिथल्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि नळ्या बंद पडतात. बहुतेक मुलांना काहीही होत नाही. ज्यांना होतं त्यातली बरीच आपोआप सुधारतात. पण मूल आधीच कोरडं पडलेलं असेल, दुखण्याचं औषध पोटात गेलेलं असेल, तर धोका वाढतो. समूच्या बाबतीत दोन्ही होतं.

मी डिस्ट्रिब्युटरला फोन लावला.

"बिनसाखरेचं पाहिजे."

"म्याडम, ते परवा येईल. पुण्याहून मागवावं लागतं. हे हाय ते आत्ता पाठवू का?"

परवापर्यंत थांबणं म्हणजे हृदयावर डाव लावणं. न थांबणं म्हणजे किडनीवर. किडनीचा डाव लहान होता. आजही मी तोच लावीन. मी आधी समूला सलाईन देऊन ओली केली, रक्त तपासलं, किडनी ठीक आहे याची खात्री केली आणि औषध अगदी सावकाश सोडायला सांगितलं. दुखण्याचं औषध बंद केलं.

मग सगळ्यांना पलंगाभोवती उभं करून माझं नेहमीचं भाषण दिलं. लघवी मोजायची. भांड्यात धरायची, बाथरूममधल्या मापाच्या जारमध्ये ओतायची, सिस्टरला दाखवायची. दर वेळी इतकी तरी झालीच पाहिजे. कमी झाली तर नळी घालावी लागेल. त्यानंही भागलं नाही तर डायलिसिसला संभाजीनगरला पाठवावं लागेल. हे मी दिवसाकाठी चार पालकांना सांगते. बडीशेपेचा डबा पुढं करावा तितक्या सहज सांगते. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं राहून जातं.

"मोजायचं काम माझ्याकडं," अण्णा म्हणाले. "जिंदगी पाणी मोजण्यातच गेली."

ते एका तलावावर नोकरीला होते. भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि ऑफिसला कळवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नजर गेली नव्हती. समूचं भांडं प्रज्ञा धरी, अण्णा ते बाथरूममध्ये नेत, जार घेऊन येत, खिडकीच्या कट्ट्यावर सपाट ठेवत. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकत, डोळे रेघेच्या बरोबर आणत आणि आकडा सांगत. मला इतका आनंद झाला की काय सांगू. नाहीतर आमच्याकडं लघवीचं माप म्हणजे "झाली की भरपूर" किंवा "चादर भिजली म्हंजी बघा". मी शेजारच्या पलंगावरच्या बापाला म्हणाले, "यांच्याकडून शिका. असं मोजायचं असतं."  अण्णांनी शर्टाची कॉलर नीट केली.

औषधानं काम केलं. ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. पुरळ विझलं. समूनं कुरकुरे मागितले, मी नाही म्हटलं, तिनं माझ्याकडं पाठ फिरवली. मुलगी डॉक्टरवर रुसली की ती बरी होतेय असं मी समजते. राहुल ड्यूटीवर परत गेला. सगळं छान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी राउंडला प्रज्ञा हळूच म्हणाली, "म्याडम, हिचा चेहरा सुजल्यावानी दिसायलाय. आन भांड्यात थोडीच होतीय."

मी चार्ट बघितला. भरपूर होती. अगदी मी सांगितली होती तितकी, दर वेळी.

"अहो, चांगली होतेय. अण्णा मोजतायत की."

"होतीय बाय," खिडकीशी उभे असलेले अण्णा म्हणाले. "भांडं पसरट हाय, तुला अंदाज येत न्हाई."

प्रज्ञा गप्प बसली. चार लोकांत सासऱ्याला खोटं पाडायची आमच्याकडं रीत नाही. शिवाय डॉक्टरही सासऱ्याच्याच बाजूला होती.

त्याच दिवशी क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला. किडनी कशी चाललीय हे सांगणारी ही तपासणी. रिपोर्टवर आकड्यापुढं 'नॉर्मल' छापलं होतं. पण ते मोठ्या माणसाचं नॉर्मल. मुलांचं मुळात कमी असतं. समूचं औषधाआधी होतं त्याच्या दुप्पट झालं होतं, हे मला दिसत होतं. किडनीला चटका बसला होता. मात्र काही मुलांमध्ये किडनी दुखावते तरी लघवी होत राहते आणि काही दिवसांत गाडी रुळावर येते. जार तेच सांगत होता. मी जारवर विसंबले. अशा वेळी साधा नियम असतो, जितकी लघवी बाहेर, तितकं पाणी परत आत. चार्टवर जो आकडा असेल तितकं सलाईन मी तिला देत राहिले.

आणि तिसऱ्या दिवशी ती काट्यावर उभी होती.

काटा बरोबर होता. मी स्वतः त्यावर चढून बघितलं, माझं वजन माझ्या माहितीतलंच निघालं. समूला खाली बसवून पाठीला स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसांच्या तळाशी बारीक कुरकुर येत होती. श्वास जोरात चालला होता. पायावर बोट दाबलं तर खड्डा राहत होता. पोरगी पाण्यानं भरत चालली होती.

"आता लघवी झाली की मला बोलवा," मी म्हणाले.

थोड्या वेळानं अण्णाच जार घेऊन आले. खिडकीकडं निघाले होते. मी मधेच त्यांच्या हातातून जार घेतला.

तो गार होता.

ताजी लघवी कोमट असते. ज्यानं बाळाचं दुपटं बदललंय त्याला हे वेगळं सांगायला नको. हा जार नळाखालून आणलेल्या तांब्यासारखा गार होता. रंग नावाला. वास नाहीच.

"अण्णा, हे गार आहे."

"थंडीचे दिवस हायत, म्याडम. भांडं गार पडतं."

"आत्ता झालीय ना?"

ते माझ्याकडं बघेनात. जारकडं बघत राहिले, जणू आकडा वाचायचा राहिला होता. मी त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले आणि दार लावलं. सिस्टरला वाटलं असणार, आता भिंती हादरणार. मलाही तेच वाटलं होतं.

"किती पाणी घातलं यात?"

"कमी पडायलं तितकं."

"म्हणजे किती?"

"तुमी सांगितलं हुतं ना, इतकी तरी झाली पायजे. मंग जितकं कमी पडायलं तितकं घातलं. आकडा बसविला."

"कधीपासून?"

"औषध संपलं तवापासून. आदी जरासंच घातलं. मंग लईच कमी व्हाया लागली."

माझा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. मी फक्त "का" म्हणू शकले.

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, परत लावलं. मग बोलले. त्यांची बायको, सुभद्राबाई, साखरेच्या आजारानं किडनी गेलेली. तिला औरंगाबादला नेलं होतं. अण्णांच्या तोंडी ते शहर अजून औरंगाबादच आहे. तिथं पहिल्यांदा नळी घातली. ती नळी ओढायची म्हणून हात पलंगाला बांधले. मग डायलिसिस. ती घरी चला म्हणत राहिली आणि अण्णा आज नको उद्या म्हणत राहिले.

"बाई हात बांधलेलीच गेली," ते म्हणाले. "मला सोडा म्हणली, मी सोडलं न्हाई. तुमी नळीचं नाव घेतलं आन माझ्या डोळ्याम्होरं तीच आली. म्हणलं, लेकराला तिथं न्हाई जाऊ द्यायचं. ताप तर उतरलाय. दोन दिसात लघवी आपसूक वाढंल. तवर आकडा बसवून धरावा."

"आणि नाही वाढली तर?"

"तळ्यावर बी असंच हुतं. एखाद्या दिवशी जाणं झालं न्हाई, तर कालच्या आकड्याला धरून आजचा लिवायचा. आकडा बसला की कुणी इचारत न्हाई. बसला न्हाई की तपासायला सायबाची जीप येती." त्यांनी खिशातलं पेन पुन्हा चाचपलं. "मला जीप येऊ द्यायची नव्हती."

त्या माणसाला पोरीच्या जिवाची काळजी नव्हती असं मी कसं म्हणू? काळजीनंच सगळा घोटाळा केला होता. पण घोटाळा किती मोठा आहे हे त्यांना अजून कळलं नव्हतं, आणि ते सांगणं मला भाग होतं. त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं.

"अण्णा, तळ्याचा सांडवा बंद पडलाय. पाणी बाहेर जात नाहीये. आणि वरून आवक चालू आहे. काय होईल?"

"तळं भरंल."

"आवक मी सोडतेय. किती सोडायची ते तुमच्या आकड्यावरून ठरवतेय. जितकं बाहेर गेलं असं तुम्ही सांगता, तितकं मी सलाईननं परत देते."

माझं वाक्य संपायच्या आतच त्यांना समजलं. आयुष्यभर आवक-जावक बघितलेला माणूस. 

"म्हंजी ते नळाचं पाणी..."

"हो. तेवढंच मी तिच्या शिरेत घालत राहिले."

ते खाली बसले. खुर्ची जवळच होती, तरी फरशीवर बसले. मला त्यांचा राग आला होता, खूप आला होता, आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. बाहेर वॉर्डात काम होतं.

सलाईन बंद केलं. नळी घातली. ज्या नळीसाठी एवढं झालं, तिच्यातून जेमतेम चमचाभर लघवी आली, काळपट, घट्ट. लघवी सुटायचं इंजेक्शन दिलं, काही फरक पडला नाही. श्वास वाढतच होता, ऑक्सिजन लावला. मी संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या किडनीच्या डॉक्टरांना फोन केला. "लगेच पाठवा," ते म्हणाले. ॲम्ब्युलन्स बोलावली, राहुलला बोलावलं.

प्रज्ञाला काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते. माझ्याआधी अण्णांनीच सांगितलं. पलंगाशी जाऊन, सुनेसमोर उभं राहून, एकही शब्द न गाळता. माझ्या वाट्याचं एकच उरलं होतं. ती आदल्या दिवशी बोलली होती तेव्हा मी भांड्यात डोकावून बघितलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं, हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली. तिला तेव्हा माझ्याशी भांडायला वेळ नव्हता.

ॲम्ब्युलन्स दारात आली. समूला आत ठेवलं. राहुल चढला. अण्णा पिशवी घेऊन पायरीवर पाय ठेवत होते, तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "अण्णा, तुमी गाडीत बसू नका."

आवाज चढवला नाही. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच ती सासऱ्याला नाही म्हणत होती. अण्णांनी पिशवी तिच्या हातात दिली, पाय मागं घेतला. गाडी गेली. ते फाटकाशी उभे राहिले, हात रिकामे. मी त्यांना आत येऊन चहा घ्या म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. थोड्या वेळानं बघितलं तर ते बसस्टँडच्या दिशेनं चालत निघाले होते.

पुढचं मला फोनवर कळत गेलं. समूच्या पोटात नळी घालून डायलिसिस केलं. लहान मुलांमध्ये असं करतात. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याचाच गाळणीसारखा उपयोग करायचा. फुप्फुसात पाणी झाल्यामुळं तिला श्वासाच्या मशीनवरही ठेवावं लागलं. मशीनची नळी ओढू नये म्हणून तिचे हात बांधले होते. हे मला प्रज्ञानं सांगितलं. ज्याच्या भीतीनं अण्णांनी हे सगळं केलं, नेमकं तेच त्या पोरीच्या वाट्याला आलं. वेळेत सलाईन आवरलं असतं तर मशीनपर्यंत गोष्ट गेली नसती. एवढं तरी मी खात्रीनं सांगू शकते.

अण्णा तिथं पोचले होते. वर जात नव्हते. दवाखान्याच्या फाटकाजवळ बसून असत. प्रज्ञा त्यांच्याशी बोलत नव्हती, पण राहुलच्या हातून रोज खाली डबा पाठवत होती. एकदा राहुल डबा द्यायला विसरला तर त्याला वरडली म्हणे.

मग हळूहळू लघवी सुरू झाली. मशीन निघालं, डायलिसिस थांबलं. हृदयाची तपासणी स्वच्छ आली. त्या औषधानं आपलं काम चोख केलं होतं. समू घरी आली. किडनी बरीचशी परत आली, पूर्ण आली नाही. ब्लडप्रेशर वाढतं राहिलं. पाच वर्षांच्या मुलीला रोज सकाळी ब्लडप्रेशरची अर्धी गोळी सुरू झाली. ती किती वर्षं लागेल, कायमची लागेल का, हे तेव्हा सांगता येत नव्हतं आणि आताही येत नाही.

तपासणीला ती माझ्याकडंच येते. दर वेळी अण्णा आणतात. प्रज्ञानं त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. पोरीला त्यांच्याबरोबर पाठवते इतकं खरं. ब्लडप्रेशर मोजून झालं, वजन झालं, की अण्णा समूला बाहेर फिशटँक बघायला पाठवतात आणि एकच प्रश्न विचारतात.

"म्याडम, मी पाणी घातलं नसतं तर ही गोळी लागली नसती का?"

खरं उत्तर असं आहे की मला माहीत नाही. साखरेनं किडनी दुखावली ती अण्णांच्या आधीच. ती पाण्यावाचूनही तितकीच बिघडली असती, असं होऊ शकतं. वेळेत कळलं असतं तर पूर्ण सावरली असती, असंही होऊ शकतं. मी दर वेळी म्हणत असे, "सांगता येत नाही अण्णा."

"सांगता येत न्हाई म्हंजी किती?" त्यांनी एकदा विचारलं. "निम्मं? पाव?"

पट्टीवर वाचता येईल असा आकडा त्यांना हवा होता. तो कुठल्याच पुस्तकात नाही.

मागच्या खेपेला ते आले तेव्हा फार खंगलेले दिसले. शर्ट तसाच पांढरा, पण आतला माणूस अर्धा राहिलेला. राहुलनं आधी फोनवर सांगितलं होतं, अण्णा धड जेवत नाहीत, समूनं गोळी घेतली की उठून अंगणात जाऊन बसतात. तपासणी झाली. समू मासे बघायला पळाली. अण्णांनी तोच प्रश्न विचारला.

त्या दिवशी मला "सांगता येत नाही" म्हणवेना. मी तोंड शक्य तितकं सरळ ठेवलं आणि म्हणाले, "नाही अण्णा. तुम्ही पाणी घातलं नसतं तरी गोळी लागलीच असती. ते त्या औषधामुळं आहे. तुमच्यामुळं नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाकून, डोळे रेघेच्या बरोबर आणून जार बघायचे, तसे.

"तुमीबी आकडा बसविला, म्याडम," ते म्हणाले.

मग उठले, जयभीम केला, समूला हाक मारली. ती त्यांचं बोट धरून दारापुढच्या पायऱ्या एक सोडून एक उतरत गेली. मी खिडकीतून बघत होते. अण्णांना तिच्या वेगानं उतरता येत नव्हतं, पण त्यांनी बोट सोडलं नाही.

तेव्हापासून दवाखान्यात दोन गोष्टी बदलल्या आहेत. नळीचं नाव घेण्याआधी मी विचारते, घरात कुणाला लागली होती का, आणि पुढं काय झालं. आणि जार आला की आकडा बघायच्या आधी तो हातात घेते. कोमट लागला तरच लिहायला सांगते. समूची अर्धी गोळी चालू आहे.